लिथियम कार्बोनेट 300: गोळी अव्वल, पण निगा राखावी लागते

स्पाइक मिलिगनचा जन्म 16 एप्रिल 1918 चा, अहमदनगरचा. वडील ब्रिटिश फौजेत होते, त्यामुळे बालपण पुण्यात आणि मग रंगूनला गेलं. हाच मुलगा पुढे इंग्लंडचा सगळ्यात अतरंगी विनोदकार झाला. 1951 पासून बीबीसी रेडिओवर ज्या मालिकेनं ब्रिटिश विनोदाचा नूर पालटला, तिचे बहुतेक भाग त्यानं लिहिले, तेही हंगामात दर आठवड्याला एक या वेगानं. 1952 च्या अखेरीस त्याचा तोल इतका गेला की सुरी घेऊन तो सहकारी पीटर सेलर्सवर चालून गेला आणि रुग्णालयात दाखल झाला. आजार बायपोलरचा: कधी उन्माद, कधी नैराश्य. 2002 मध्ये 83 व्या वर्षी तो गेला, तोवर हे झटके त्याला पुन्हा पुन्हा येत राहिले. त्याच्या थडग्यावर आयरिश भाषेत एक वाक्य कोरलेलं आहे: ‘मी आजारी आहे, असं तुला सांगितलं होतं.’ लोक ते वाचून हसतात. त्याच्या आजाराची बाजू माहीत असेल तर ती सरळसरळ तक्रार वाटते.

मिलिगन 1952 मध्ये दाखल झाला तेव्हा या आजारावरच्या औषधाचा पहिला अहवाल छापून येऊन तीन वर्षं झाली होती. लंडनमध्ये मात्र ते औषध अजून रुळलं नव्हतं. आज ते आपल्याकडच्या साध्या मेडिकलमध्ये डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळतं, स्वस्त मिळतं, आणि तरीही अनेकजण ते घ्यायला तयार नसतात. कलाकार, लेखक, अभ्यासात हुशार मुलं यांच्या घरात तर एक वाक्य हमखास ऐकू येतं: ‘त्या गोळीनं डोकं बधिर होतं, सुचायचं बंद होतं.’ म्हणून हे परीक्षण लिथियम कार्बोनेटचं. मत सुरुवातीलाच सांगून टाकतो. बायपोलरसाठी आजही याच्या तोडीचं दुसरं औषध नाही. गोळीनं प्रतिभा जाते हा समज बराचसा चुकीच्या डोसातून आणि न केलेल्या तपासण्यांतून आलेला आहे. पण हे औषध नुसतं गिळून विसरून जाण्याचं नाही. ज्या घराला, ज्या डॉक्टरला त्याची देखरेख जमणार नाही, त्यांनी त्याच्या वाटेला न गेलेलं बरं.

आधी गोळीची ओळख. ती दोन रूपांत येते. एक साधी, 300 मिलिग्रॅमची. दुसरी सावकाश विरघळणारी, 400 किंवा 450 मिलिग्रॅमची. तिच्या पाकिटावर नावापुढे एसआर, सीआर किंवा एक्सएल लिहिलेलं असतं. लायकॅब, लिथोसन, इंटालिथ ही बाजारातली ठळक नावं. सावकाश विरघळणारी गोळी चावायची किंवा कुटायची नाही, नाहीतर दिवसभराचं औषध एकदम रक्तात उतरतं. ‘तेच औषध आहे, फक्त कंपनी वेगळी’ असं म्हणून मेडिकलवाला दुसरं पाकीट पुढे करतो. इतर कितीतरी औषधांत ते चालून जातं, इथे नाही. कंपनी किंवा रूप बदललं की रक्तातली पातळी पुन्हा तपासायची, कारण या औषधात गुणकारी मात्रा आणि घातक मात्रा अगदी शेजारी शेजारी राहतात.

हे शेजारपण किती महाग पडू शकतं ते या औषधाच्या जन्मकथेतच दिसतं. जॉन केड हा मेलबर्नजवळच्या बंडूरा इथल्या रुग्णालयातला डॉक्टर. दुसऱ्या महायुद्धात जपान्यांच्या चांगी छावणीत युद्धकैदी म्हणून राहून आलेला. परतल्यावर रुग्णालयातल्या एका पडीक कोठीघरात त्यानं गिनीपिगवर प्रयोग सुरू केले. युरिक ॲसिड पाण्यात नीट विरघळावं एवढ्याच कारणासाठी त्यानं त्याचा लिथियमचा क्षार घेतला, आणि तो टोचल्यावर एरवी धडपडणारे प्राणी निवांत पडून राहिले. आधी त्यानं स्वतः लिथियम घेऊन पाहिलं. मग 1948 मध्ये पाच वर्षं उन्मादात असलेल्या 51 वर्षांच्या एका रुग्णाला दिलं. काही महिन्यांत तो माणूस घरी गेला, जुन्या कामावर रुजू झाला. सप्टेंबर 1949 मध्ये उन्मादाच्या दहा रुग्णांचा अहवाल छापून आला. आणि 1950 मध्ये तोच पहिला रुग्ण लिथियमच्या विषबाधेनं दगावला. केडकडे रक्तातलं लिथियम मोजण्याची सोय नव्हती. त्याच सुमारास अमेरिकेत हृदयरोग्यांना मिठाऐवजी लिथियम क्लोराइड विकलं जात होतं. त्यातही माणसं दगावली आणि ते बाजारातून उठवावं लागलं. 1951 मध्ये मेलबर्नमध्येच नोआक आणि ट्राउटनर यांनी शंभरावर रुग्णांना रक्त तपासत तपासत लिथियम दिलं, आणि ते सांभाळून वापरता येतं हे दिसलं. पुढे डेन्मार्कच्या मोगेन्स स्कौनं पद्धतशीर चाचण्या केल्या. अमेरिकेत मान्यता मिळायला 1970 उजाडलं.

आता मुख्य आक्षेपाकडे. गोळीनं सुचायचं बंद होतं का?

स्कौनं 1979 मध्ये लिथियमवर असलेल्या 24 कलावंतांना आणि लेखकांना हाच प्रश्न विचारला. बाराजण म्हणाले, काम वाढलं. सहाजणांच्या कामात फरक पडला नव्हता. सहाजणांचं काम कमी झालं होतं. अभ्यास लहान आहे आणि लोकांनी स्वतःबद्दल सांगितलेल्या उत्तरांवर उभा आहे, पण ‘सगळ्यांचंच आटतं’ हे त्यातून तरी निघत नाही. त्याचबरोबर त्या सहाजणांना खोटं पाडायचंही कारण नाही. त्यांची तक्रार ऐकून घेणं हा उपचाराचाच भाग आहे.

अमेरिकी कवी रॉबर्ट लोवेलला 1949 पासून उन्मादाचे झटके येत होते. वर्षाआड, कधी दरवर्षी रुग्णालयाची वारी ठरलेली. 1967 मध्ये त्याला लिथियम सुरू झालं. झटके कायमचे थांबले नाहीत, पण त्यांची ठरलेली रांग मोडली, आणि कविता तर भरभरून येत राहिल्या. याच काळातल्या संग्रहाला 1974 चं पुलित्झर मिळालं. प्रकाशक रॉबर्ट जिरू यांच्याजवळ तो बोलून गेला होता की आपण जे भोगलं आणि इतरांना भोगायला लावलं ते सगळं मेंदूत थोडंसं मीठ कमी असल्यामुळे झालं असेल, हा विचारच भयंकर आहे. शास्त्र म्हणून हे बरोबर नाही. बायपोलर हा शरीरात लिथियम कमी पडल्याचा आजार नव्हे. पण इतकी साधी वस्तू वीस वर्षं आधी मिळाली असती तर, ही त्याच्या बोलण्यातली हळहळ खरी आहे.

तिसरं उदाहरण सगळ्यात उपयोगाचं. के रेडफिल्ड जेमिसन या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञ, बायपोलरवरच्या अधिकारी व्यक्ती, आणि स्वतः त्याच आजाराच्या रुग्ण. 1995 मध्ये त्यांनी हे जाहीरपणे लिहिलं. सुरुवातीच्या वर्षांत त्यांनाही गोळी नकोशी होती आणि ती सोडल्याची किंमत त्यांनी मोजली. त्या काळात डोस आजच्यापेक्षा बरेच चढे असत. हात थरथरायचे, वाचलेलं डोक्यात टिकायचं नाही, दीर्घ पुस्तक वाचणं अशक्य झालं होतं. पुढे डोस कमी केला आणि वाचन परत आलं. गोळी तीच होती, माणूस तोच होता, फक्त पातळी खाली आली होती.

म्हणून ‘सुचत नाही’ अशी तक्रार आली की गोळी बंद करण्याआधी चार गोष्टी तपासायच्या, आणि याच क्रमानं. पहिली, रक्तातली पातळी. रोजच्या देखभालीसाठी ती लिटरला 0.6 ते 0.8 मिलिमोल पुरते, 0.9 किंवा 1.0 वर बसलेल्या माणसाचा डोस डॉक्टर थोडा उतरवतात आणि पुष्कळदा तेवढ्यानं धुकं विरतं. दुसरी, थायरॉइड. लिथियम थायरॉइड मंदावतं, आणि मंद थायरॉइडची लक्षणं म्हणजे सुस्ती, वजन, विसराळूपणा, थंडी वाजणं. दोष गोळीच्या नावावर जातो, आणि उपाय सकाळी उपाशीपोटी घ्यायच्या थायरॉक्सिनमध्ये असतो. तिसरी, सोबतची औषधं. उन्मादात सुरू केलेलं ओलान्झापिन, क्वेटियापिन किंवा झोपेची गोळी झटका ओसरल्यावरही महिनोन् महिने तशीच चालू राहते. डोकं जड करतं ते, आणि शिव्या खातं लिथियम. चौथी, नैराश्य. उन्माद उतरल्यानंतरची मरगळ ही आजाराचीच पुढची पायरी असते, औषधाचा दोष असेलच असं नाही.

या चारही गोष्टी नीट असूनही माणूस ‘पूर्वीसारखं नाही वाटत’ म्हणत असेल, तर तो बहुधा त्या चढाच्या दिवसांची आठवण काढतोय: तीन तास झोप, डोक्यात शंभर कल्पना, सगळं जग आपलं. ते खरंच गेलेलं असतं, आणि त्याचं दुःख होणं स्वाभाविक आहे. घरच्यांनी ‘बरं झालास ना, मग?’ असं म्हणून ते झटकून टाकू नये. पण चढात झालेलं काम दर्जेदार असतंच असंही नाही. रॉबर्ट शुमान या जर्मन संगीतकाराच्या रचना वर्षवार मांडून पाहणाऱ्या एका अभ्यासात दिसलं की उत्साहाच्या वर्षांत रचनांची संख्या भरमसाट वाढली, एकट्या 1840 मध्ये शंभराहून अधिक गाणी झाली, पण त्यातल्या उत्तम रचनांचं प्रमाण वाढलं नाही. त्याच्या आजाराच्या नावावर आजही वाद आहे, एवढं लक्षात ठेवून हा दाखला घ्यावा.

आता वापर. सुरुवात सहसा दिवसाला 600 ते 900 मिलिग्रॅमनं होते. वयस्कर माणसात आणि मूत्रपिंड कमजोर असेल तर त्याहून कमी. पुष्कळ डॉक्टर पुढे सगळा डोस रात्री एकदाच देतात. त्यामुळे विसरायचं प्रमाण घटतं, मळमळ झोपेत निघून जाते. उन्मादावर गुण यायला एक ते दोन आठवडे लागतात, म्हणून सुरुवातीला दुसरं औषध जोडीला असतं. ‘चार दिवस झाले, काहीच फरक नाही’ म्हणून निराश व्हायचं कारण नाही. झटके टाळण्याचा खरा फायदा तर महिन्यांच्या हिशोबानं कळतो. एखादी गोळी राहिली तर राहिली. दुसऱ्या दिवशी दुप्पट घ्यायची नाही.

सुरू करण्यापूर्वीच्या तपासण्या: क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी), टीएसएच (थायरॉइडसाठी), कॅल्शियम, वजन, आणि वय जास्त असेल किंवा हृदयाची तक्रार असेल तर ईसीजी. बाईमाणूस मूल होण्याच्या वयात असेल तर गरोदरपणाची चाचणी. मग सुरू केल्यावर पाच ते सात दिवसांनी पहिलं सीरम लिथियम, म्हणजे रक्तातल्या पातळीची तपासणी. डोस बदलला की पुन्हा तितक्याच दिवसांनी. पातळी जागेवर बसली की पहिलं वर्षभर दर तीन महिन्यांनी, पुढे सगळं ठीक असेल तर सहा महिन्यांनी. क्रिएटिनिन, टीएसएच आणि कॅल्शियम दर सहा महिन्यांनी.

ही रक्ततपासणी दिसायला सोपी, पण चुकते फार. सगळे आकडे शेवटच्या गोळीनंतर 12 तासांनी काढलेल्या रक्ताला लागू आहेत. रात्री नऊला गोळी घेतली तर सकाळी नऊला रक्त. ज्यांना सकाळचाही डोस आहे त्यांनी तो घरी न घेता पिशवीत टाकून न्यायचा आणि रक्त दिल्यावर घ्यायचा. लॅबमध्ये माणूस सकाळची गोळी घेऊन साडेदहाला पोचला तर आकडा फुगलेला येतो, डॉक्टर घाबरून डोस कमी करतात, आणि दोन महिन्यांनी झटका येतो. उलटंही होतं: 16-18 तासांनी काढलेलं रक्त कमी आकडा दाखवतं आणि डोस विनाकारण चढतो.

दुसरी चूक लॅबच्या बाजूची. रक्त ज्या छोट्या नळ्यांत घेतात त्यांपैकी हिरव्या टोपणाच्या नळीत रक्त गोठू नये म्हणून बऱ्याचदा लिथियम हेपरिनच घातलेलं असतं. त्या नळीतलं लिथियम रुग्णाच्या रक्तातल्या लिथियममध्ये मिसळतं आणि अगदी धडधाकट माणसाचा अहवाल विषबाधेचा येतो. या तपासणीला लाल किंवा पिवळ्या टोपणाची, सीरमची नळी लागते. सुई टोचण्याआधी ‘ही लिथियमची तपासणी आहे’ एवढं वाक्य स्पष्ट बोलायचं आणि टोपणाचा रंग पाहायचा. अहवालात अवाच्या सवा आकडा आला आणि माणूस समोर ठणठणीत बसलेला असेल, तर सगळ्यात आधी नळी कोणती होती ते विचारावं आणि त्याच दिवशी पुन्हा रक्त द्यावं. मात्र लक्षणं असतील तर नळीवर शंका घेत बसायचं नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचा भाग, तो म्हणजे पातळी अचानक का चढते. लिथियम यकृतात मोडत नाही. ते जसंच्या तसं मूत्रपिंडातून बाहेर जातं. मूत्रपिंड सोडियम आणि लिथियम जवळपास एकाच रांगेत हाताळतं. शरीरात मीठ-पाणी कमी पडलं की मूत्रपिंड सोडियम धरून ठेवायला लागतं आणि त्याच ओढीनं लिथियमही धरून ठेवतं. डोस तोच, गोळ्या तेवढ्याच, तरी रक्तातला आकडा 0.7 वरून दोन-चार दिवसांत 1.5 च्या पुढे जाऊ शकतो.

आपल्याकडे याची निमित्तं ओळखीची आहेत. विदर्भ-मराठवाड्यातला मे महिना आणि उन्हातलं काम. निर्जळी एकादशी, नवरात्रातले सलग उपास, रोजे. जुलाब-उलट्या. ताप. वारीतली चाल. वजन कमी करायचं म्हणून किंवा बीपी निघालं म्हणून एका दिवसात मीठ बंद करणं. मीठ कमी करायचं असेल तर हळूहळू, डॉक्टरांना सांगून, आणि पातळी तपासून. वाढवायचंही तसंच, कारण मीठ एकदम वाढलं की पातळी घसरते आणि झटक्याला वाट मिळते. चहाचंही तसंच आहे. दिवसाला सहा कप पिणाऱ्यानं तो एकाएकी सोडला तर पातळी वर जाते, कारण कॅफीन लिथियम बाहेर टाकायला मदत करत असतं. चहा सोडू नये असं नाही, पण सोडताना सांगावं. जुलाब-उलट्या लागल्या की त्या दिवसाची गोळी थांबवायची, ओआरएस सुरू करायचं आणि त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करायचा. ‘उद्या बघू’ नाही.

मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेल्या दुखण्यावरच्या गोळ्या हे दुसरं मोठं कारण. गुडघे, कंबर, दात, पाळी, कशासाठीही आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक घेतलं जातं. ही औषधं मूत्रपिंडातून लिथियम जाण्याचा वेग कमी करतात. चार दिवसांचा कोर्सही पुरतो. अंगदुखी-तापाला पॅरासिटामॉल घ्यावं, आणि दंतवैद्याला चिठ्ठी लिहिण्याआधी लिथियमबद्दल सांगावं. तिसरं कारण रक्तदाबाच्या औषधांचं. टेल्मिसार्टन, लोसार्टन, रामिप्रिल, आणि त्यांच्या जोडगोळ्यांतलं हायड्रोक्लोरोथायाझाइड: ही सगळी पातळी चढवतात. यात शेवटचं सगळ्यात खोडसाळ, कारण ते नावामागच्या ‘एच’ या एका अक्षरात लपलेलं असतं. मानसोपचारतज्ज्ञ एका गावात आणि बीपीचा डॉक्टर दुसऱ्या गावात असतो. दोघांना एकमेकांच्या चिठ्ठ्या दिसत नाहीत. ॲम्लोडिपिनसारखे पर्याय असतात, फक्त ते विचारणारं कोणीतरी हवं. म्हणून रुग्णाच्या पाकिटात एक कागद असावा: लिथियमचा डोस, शेवटची पातळी आणि तारीख, क्रिएटिनिन, डॉक्टरांचा नंबर.

विषबाधा ओळखायची कशी? हाताच्या थरथरीकडे नीट पाहिलं तर बरंच कळतं. लिथियमवर असलेल्या बऱ्याच जणांच्या बोटांना बारीक, जलद कंप असतो. हात पुढे पसरून त्यावर कागद ठेवला की कागदाची कड फडफडते. कपबशी उचलली की किणकिण होते. हा कंप त्रासदायक आहे, घातक नाही. वाद्य वाजवणाऱ्याला, चित्रकाराला, शस्त्रक्रिया करणाऱ्याला तो नकोच असतो. त्यासाठी डोस उतरवणं, सावकाश विरघळणारं रूप घेणं, किंवा दमा नसेल तर प्रोप्रानोलॉल, असे मार्ग आहेत. पण कंप मोठा, ओबडधोबड झाला, चहा बशीत न पडता अंगावर सांडायला लागला, सही ओळखू येईना, जीभ जड होऊन बोलणं अडखळायला लागलं, चालताना तोल जायला लागला, सोबत उलट्या-जुलाब, गुंगी किंवा भ्रम असेल, तर पुढची गोळी द्यायची नाही आणि थेट मोठं रुग्णालय गाठायचं. लॅबच्या अहवालाची वाट पाहत घरी थांबायचं नाही. वर्षानुवर्षं गोळी घेणाऱ्यात तर पातळी कागदावर फारशी चढलेली नसतानाही विषबाधेची लक्षणं दिसू शकतात. गंभीर असेल तर डायलिसिस लागतं. उशीर झाला तर तोल आणि बोलणं कायमचं बिघडल्याची उदाहरणं आहेत.

बाकीचे त्रास थोडक्यात. तहान आणि वारंवार लघवी होते. तहान लागली म्हणून सरबत आणि कोल्ड्रिंक प्यायची सवय लागते आणि वजन वाढतं ते मुख्यतः तिथे, म्हणून साधं पाणी प्यावं. मुरुम वाढतात, सोरायसिस भडकू शकतो. तोंडाला धातूची चव येते. दहा-वीस वर्षांच्या वापरानंतर काहीजणांचं मूत्रपिंड हळूहळू उतरतं. क्रिएटिनिन नियमित पाहिलं असेल तर ती घसरण वेळेत दिसते आणि औषध बदलायला सवड मिळते.

पर्यायांशी तुलना केली तर व्हॅल्प्रोएट वापरायला सोपं, पातळीची एवढी कटकट नाही, म्हणून जिथे सीरम लिथियम काढायची लॅब तालुक्यात नाही तिथे डॉक्टर तिकडे वळतात, आणि ते समजण्यासारखं आहे. पण 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या बॅलन्स नावाच्या चाचणीत झटके टाळण्यात एकट्या व्हॅल्प्रोएटपेक्षा लिथियम सरस ठरलं. मूल होण्याच्या वयातल्या बाईला तर व्हॅल्प्रोएट टाळायलाच हवं. गर्भाच्या मेंदूवर आणि मणक्यावर त्याचा परिणाम वाईट आहे. लिथियमनंही गर्भाच्या हृदयातल्या दोषाचा धोका थोडा वाढतो आणि तो डोसागणिक चढतो, पण पूर्वी समजलं जायचं त्यापेक्षा कमी. म्हणून बाळाचा विचार सुरू होताच डॉक्टरांशी बोलावं, दिवस गेल्यावर घाबरून गोळ्या फेकू नयेत. लॅमोट्रिजिन नैराश्याच्या बाजूला चांगलं, उन्मादाला फारसं नाही. आत्महत्येच्या बाबतीत लिथियमचं नाव मोठं आहे: लिथियमवर असलेल्यांत आत्महत्या कमी होतात असं अनेक वर्षांच्या निरीक्षणांत दिसलं. अमेरिकेत माजी सैनिकांवर झालेल्या एका मोठ्या चाचणीत, जिचा निष्कर्ष 2022 मध्ये छापून आला, चालू उपचारांत लिथियमची भर घालून वेगळा फायदा दिसला नाही. त्यामुळे या एका मुद्द्यावर मी पूर्वीइतक्या ठामपणे शिफारस करणार नाही. आणि गोळ्यांचा साठा घरच्यांच्या ताब्यात, एका वेळी थोडाच असावा, हे तर कुठल्याही परिस्थितीत.

कोणाला हे औषध चांगलं लागू पडतं? ज्यांचा आजार ठसठशीत आहे त्यांना: आधी उन्माद, मग नैराश्य, मग मधला काळ अगदी निरोगी, घरात आई-वडील-भावंडांपैकी कोणाला हाच आजार, आणि त्यांना लिथियमचा गुण आलेला. वर्षात चार-पाच झटके येणाऱ्यांना, किंवा दारू-गांजाची जोड असलेल्यांना गुण कमी येतो. मूत्रपिंड आधीच खराब असेल, किंवा रोजची गोळी आणि वेळेवरची तपासणी पाहणारं घरात कोणी नसेल, तर दुसरा मार्ग बघावा.

शेवटी, बंद करणं. दोन-तीन वर्षं झटका आला नाही की ‘आता बरा आहे, कशाला घ्यायची’ हा विचार येतोच, आणि हुशार माणसाच्या डोक्यात तो जास्त पटाईत युक्तिवादासह येतो. एका दिवसात बंद केलं तर पुढच्या काही महिन्यांत उन्माद उसळण्याचा धोका, मुळात गोळी घेतलीच नसती तर जेवढा असता त्याहूनही जास्त असू शकतो. थांबवायचंच ठरलं तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली कमीत कमी चार आठवडे, शक्यतो तीन महिने घेऊन, पायरीपायरीनं. त्या काळात घरच्यांनी एकच गोष्ट रोज लिहून ठेवावी, ती म्हणजे झोपेचे तास. सलग दोन-तीन रात्री झोप चार तासांवर आली आणि तरी माणूस ताजातवाना असेल, तर त्याच्या म्हणण्याची वाट न पाहता डॉक्टरांना कळवावं. डॉक्टर हाताशी नसतील, किंवा जीव नकोसा झाल्याचं बोलणं कानावर आलं, तर टेली-मानस या सरकारी सेवेचा 14416 हा क्रमांक चोवीस तास मोफत चालतो आणि तिथे मराठीत बोलता येतं.